शाळेच्या फाटकापाशी हवा कशी असते?

2019 साली लंडनच्या 5 प्राथमिक शाळांतली सुमारे 250 मुलं आठवडाभर एक वेगळंच दप्तर पाठीवर घेऊन ये-जा करत होती. दप्तराच्या कप्प्यात हवा मोजणारं छोटं यंत्र होतं. सूक्ष्म धूलिकण आणि नायट्रोजन डायऑक्साइड कुठे किती, याची नोंद ते वाटभर घेत होतं. किंग्ज कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या, तेव्हा शाळेत असतानाच्या पाचपट नायट्रोजन डायऑक्साइड मुलांच्या वाट्याला जाता-येता येतो, असं दिसलं.

हा वायू मुख्यतः वाहनांच्या, त्यातही डिझेलच्या धुरातून येतो आणि रस्त्यापासून थोडं आत गेलं की झपाट्याने विरळ होतो. मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीने गेलं तरी फरक पडतो. शहरात मोजकीच असणारी हवा मोजणारी सरकारी केंद्रं हा फरक दाखवू शकत नाहीत.

आपल्या शाळांत मात्र पर्यावरणाचा प्रकल्प म्हणजे अजून 'झाडे लावा'चा तक्ता. फार तर व्हॅसलीन फासलेला कागद खिडकीत टांगतात. त्यावर जाड धूळ चिकटते; केसाच्या तिसाव्या भागाएवढे बारीक पीएम 2.5 कण तरंगतच राहतात. कागद स्वच्छ म्हणून हवा स्वच्छ, असं समजू नये.

हे कण मोजणारा सेन्सर काही हजारांत मिळतो. छोटा पंखा हवा आत ओढतो, कणांवर लेसरचा झोत पडतो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून कणांच्या प्रमाणाचा अंदाज बांधला जातो. मेख दमट हवेत आहे: ओलाव्याने कण फुगतात आणि आकडा उगाच चढतो. म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नये. दोन सेन्सर आधी शेजारी ठेवून पडताळावेत. मग एकाच वेळी एक फाटकाशी, एक मैदानात ठेवून तुलना करावी.

याला लगेच हवामानबदलाचं मोजमाप मात्र म्हणू नका. धूलिकण काही दिवसांत खाली बसतात किंवा पावसाने धुऊन जातात. कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतकं हवेत राहतो. निघतात मात्र दोन्ही एकाच सायलेन्सरमधून. फाटकापुढे चालू ठेवलेलं इंजिन बंद केलं, तर दोन्ही कमी होतात.

हिवाळ्यात पहाटेची थंड हवा जमिनीलगत कोंडते आणि सकाळची शाळा नेमकी तेव्हाच भरते. शिक्षकांनो, डिसेंबर-जानेवारीत शाळा भरायच्या अर्धा तास आधीपासून अर्ध्या तासानंतरपर्यंत मुलांना नोंदी घेऊ द्या आणि त्यांचा आलेख पालकसभेत भिंतीवर लावा.