फोबोसची प्रदक्षिणा: अंतर गोंदिया ते नवेगावबांध, वेळ मात्र २२ दिवस!

गोंदियाहून नवेगावबांध साधारण ६५ किलोमीटर. रोज थोडं थोडं चाललं तरी तीन-चार दिवसांत पोहोचता येईल. जवळपास तेवढंच अंतर चाललं, तर एका अख्ख्या चंद्राची प्रदक्षिणा पूर्ण होते. हा चंद्र म्हणजे मंगळाचा फोबोस. १ जुलै २०२० रोजी इस्रोच्या मंगळयानाने सुमारे ४,२०० किलोमीटरवरून त्याचा फोटो काढला होता.

फोबोस आहे केवढा?

लांबी सुमारे २७, रुंदी २२ आणि उंची १८ किलोमीटर. त्याचा सगळा पृष्ठभाग पसरला, तरी गोंदिया जिल्ह्याचा एक तृतीयांश भागही झाकला जाणार नाही. आकार बटाट्यासारखा ओबडधोबड, कारण दगडमाती ओढून गोल करण्याइतकं गुरुत्वाकर्षणच त्याच्याकडे नाही. त्यामुळे वाट बदलली की अंतरही बदलतं: आखूड बाजूने साधारण ६५, तर लांब बाजूने ७७ किलोमीटर. त्यात सुमारे ९ किलोमीटर रुंदीचं स्टिकनी विवर आडवं आलं, तर चढउतार वेगळाच.

मग अडचण काय?

अडचण आहे वजनाची. पृथ्वीवर ६० किलो भरणाऱ्या माणसाचं वजन तिथे जेमतेम ३५ ग्रॅम भरेल! चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, कारण पृथ्वी आपल्याला सतत खाली ओढते. फोबोसवर ही ओढ सुमारे १,७०० पटींनी कमी आहे. आपल्या नेहमीच्या वेगाने पाऊल टाकलं, की माणूस जमीन सोडून तरंगू लागेल.

इथे ताशी ५ किलोमीटर चालणाऱ्याला तिथे पाय जमिनीवर ठेवायचे, तर हिशेबाने ताशी १२० मीटरच चालता येईल. म्हणजे ६५ किलोमीटरसाठी न थांबता २२ दिवसांहून जास्त!

उड्या मारत गेलं तर?

इथली एक फुटाची उडी तिथे जवळपास अर्धा किलोमीटर उंच जाईल आणि खाली यायला एकूण १४ मिनिटं लागतील. तोवर दिशा बदलता येणार नाही. मंगळाचा दुसरा चंद्र डिमॉस तर याहून लहान. तिथे ताशी २० किलोमीटरच्या वेगाने झेप घेतली, तर माणूस परत खाली येणारच नाही.

म्हणूनच अशा चंद्रांवर उद्या माणूस उतरला, तर चालण्यापेक्षा दोर धरून सरकणंच जास्त सुरक्षित ठरेल.