पोरांच्या मनालाही औषध असते

केळीच्या पानावर करपा दिसला की आपण त्याच दिवशी शहाद्याला जाऊन औषध आणतो. मग घरातली दहावीची पोर तीन आठवडे धड जेवत नाही, रात्र रात्र जागी असते, मैत्रिणींना टाळते, तेव्हा ‘वयच तसे आहे’ म्हणून आपण गप्प का बसतो? वाचकहो, राग मानू नका. मनाच्या आजारांपैकी जवळजवळ निम्मे आजार अठरा वर्षांच्या आतच सुरू होतात, आणि लवकर उपचार झाले तर बरीच मुले पुन्हा शाळेला लागतात.

भगताकडे जाऊ नका म्हटले तर कोण ऐकतो! नारळ फोडायचा तर खुशाल फोडा. पण त्याच आठवड्यात दवाखान्याचा केसपेपरही काढा. चटके, मारझोड मात्र मुळीच नको. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे.

सुरुवात म्हसावदच्या ग्रामीण रुग्णालयातूनच करा. तेथील डॉक्टरांना सारे सांगा आणि गरज असल्यास नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागून घ्या. जाण्याआधी वहीत लिहून ठेवा : त्रास केव्हापासून, झोप किती, फिट येते का, घराण्यात कोणाला असे झाले होते का. डॉक्टरांपुढे निम्मे विसरायला होते, हा सर्वांचाच अनुभव. घरात भिली किंवा पावरी बोलणारे मूल मराठीत मन मोकळे करील असे नाही. ती बोली जाणणारे विश्वासाचे माणूस सोबत न्या. आणि मुलाला थोडा वेळ डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. आईबापांपुढे सगळे सांगवत नाही.

लगेच जाणे जमत नसेल तर १४४१६ वर फोन करा. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येते आणि आईबापांनीही फोन केलेला चालतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. मूल ‘मला जगायचे नाही’ म्हणाले तर रागावू नका, थट्टा तर नकोच. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. फवारणीची औषधे घरात खाटेखाली नकोत. कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ बाळगा. मुलाने जिवाचे काही बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केलाच, तर पोलिसांच्या भीतीने लपवण्यात वेळ घालवू नका. तो तीव्र ताणाखाली होता असेच हा कायदा धरून चालतो आणि त्याला शिक्षा करीत नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर आठ दिवसांत गुण दिसला नाही म्हणून सोडू नका. काही औषधांना दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ऊसतोडीला गुजरातेत जायचे असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगा, पुरतील इतक्या गोळ्या मागून घ्या आणि केसपेपर भाकरीच्या गाठोड्यात न टाकता प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवा.