जिन्यातले देव

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या जिन्याचे कोपरे दिवाळीला रंगवले जात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पानाच्या पिंकांनी पुन्हा रंगत. सेक्रेटरीपद गळ्यात पडल्यावर बँकेतल्या सवयीने मी हिशेब मांडला. रंगाऱ्याच्या मजुरीपेक्षा देवांच्या चित्रांच्या टाइल्स स्वस्त पडत होत्या! गणपती, साईबाबा, गुरू नानक, येशू, मक्का अशी सर्वधर्मसमभावाची खरेदी झाली. प्रत्येक वळणावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, चार-चार टाइल्स बसल्या. थुंकणे थांबले. कमिटीने अभिनंदनाचा ठराव केला.

भिंत राखायची आणि सजवायचीही, ही युक्ती तशी जुनीच. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ साली ६ तासांत १,२०० हून अधिक टाइल्सवर चित्रे छापून दाखवली होती. आता रंग फवारणारी यंत्रे आली आहेत. पण जुनी रीतही मोठी गमतीची. चित्र आधी कागदावर छापायचे, पाण्यात भिजवून त्याचा पापुद्रा टाइलवर सरकवायचा आणि टाइल भट्टीत भाजायची. रंग झिलईत मुरतो. मग घासा कितीही.

पण घासणार कोण आणि कशाने?

जिना पुसणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "साहेब, इतकी वर्षं थुंकी पुसली, त्याचं काही नाही. पण पोतेऱ्यानं देवाला कशी पुसू?" त्या घरून वेगळे फडके आणत होत्या. आधी चारही मजल्यांवरचे देव पुसायचे, मग खाली येऊन जिन्याला हात घालायचा. पगार तेवढाच. माझ्या हिशेबात ही रक्कम कुठेच नव्हती. बाईंच्या कष्टांची लाज कुणाला वाटेल, हे तर आम्ही गृहीतच धरले नव्हते.

पुढच्या सभेत मी साध्या पानाफुलांच्या टाइल्स सुचवल्या. "पुन्हा थुंकतील," एकजण म्हणाले. ठराव एका मताने पास झाला. थुंकणे पुन्हा सुरू झाले, पूर्वीइतके नाही. आणि पहिला सापडला तो कमिटीतल्याच एकाचा पाहुणा.

काढलेल्या टाइल्स गवंड्याने भरावात घ्यायचे नाकारले. पिंपळाखाली ठेवून यायचे माझ्याही जिवावर आले. सोळा टाइल्स वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या माळ्यावर आहेत, बँकेच्या जुन्या डायऱ्यांशेजारी. दिवाळीच्या साफसफाईत बायको विचारते, "यांचं काय करायचं?"