व्हीपीएन बदलता आलं पाहिजे : पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यातल्या हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या नोकरदारांना व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी, नवं नाही. घरून ऑफिसच्या सर्व्हरवर काम करायचं तर बहुतेकदा ते लागतंच. छोटी ऑफिसं आणि घरगुती ग्राहकही आता पैसे भरून ही सेवा घेतात. घेताना वेग आणि किंमत सगळे विचारतात, पण उद्या ही सेवा सोडायची झाली तर काय काय बदलावं लागेल, हे फारसं कुणी विचारत नाही. ते बरंचसं आपण कोणतं ॲप वापरतो यावर ठरतं.

गैरसमज १ : ज्या कंपनीचं व्हीपीएन, तिचंच ॲप लागतं.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकांना एकच प्रोटोकॉल, म्हणजे जोडणीची ठरलेली पद्धत, असला की जोडणी होते. ओपनव्हीपीएन, वायरगार्ड आणि आयकेईव्ही२ हे असेच प्रोटोकॉल. ओपनव्हीपीएन २००१ पासून आहे, तर वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये दाखल झालं. दोन्हींची ॲप्स मोफत मिळतात. आयकेईव्ही२ तर विंडोज, मॅक आणि आयफोनमध्ये आधीपासूनच असतं. सेवा देणाऱ्याकडून लागते ती मुख्यतः कॉन्फिगरेशन फाइल. वायरगार्डची फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर जेमतेम दहा-बारा ओळी दिसतात. वरच्या भागात आपली खासगी की आणि पत्ता, खालच्या भागात सर्व्हरची सार्वजनिक की आणि त्याचा पत्ता. मुलवाड, प्रोटॉन यांसारख्या सेवा ही फाइल देतात. सेवा बदलली की फाइल बदलायची, ॲप तेच राहतं. मात्र त्या फाइलमधली खासगी की पासवर्डसारखीच जपायची. ती व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवायची नाही.

गैरसमज २ : कंपनीचं स्वतःचं ॲप जास्त सुरक्षित असतं.

वस्तुस्थिती : नाव व्हीपीएनचं आहे म्हणून ॲप सुरक्षित ठरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओसह काही संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप्स तपासली. ३८ टक्के ॲप्समध्ये मालवेअरच्या खुणा आढळल्या आणि १८ टक्के ॲप्स माहिती एन्क्रिप्टच करत नव्हती. फेसबुकचं ओनावो हे व्हीपीएन ॲप लोकांच्या फोन-वापराची माहिती गोळा करत होतं. २०१८ मध्ये ते ॲपलच्या स्टोअरवरून हटवावं लागलं. नामांकित कंपन्यांची बरीच ॲप्स चांगली आहेत, हेही खरं. पण वायरगार्डचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि लिनक्समधला त्याचा गाभा साधारण चार हजार ओळींचा आहे. तो जगभरच्या जाणकारांनी तपासलेला आहे.

गैरसमज ३ : पैसे भरलेत, म्हणजे ॲप मिळतच राहणार.

वस्तुस्थिती : केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवण्याचा निर्देश दिला. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर हटवले. जानेवारी २०२५ मध्ये काही व्हीपीएन ॲप्स ॲपल आणि गूगलच्या भारतीय स्टोअरवरून काढली गेल्याचं समोर आलं. ऑफिसांसाठीच्या सॉफ्टवेअरचंही तेच : ज्युनिपर कंपनीचं पल्स हे व्हीपीएन सॉफ्टवेअर २०१४ मध्ये वेगळी कंपनी झालं, २०२० मध्ये इव्हांटीकडे गेलं. २००३ मध्ये पुण्यात घरोघरी आलेले रिलायन्सचे सीडीएमए हँडसेट आठवा. कंपनी सोडली की हँडसेटही निरुपयोगी व्हायचा. ॲप स्वतंत्र असेल तर दुसऱ्या सेवेची फाइल त्यात घालून काम पुढे चालू ठेवता येतं.

गैरसमज ४ : सर्वसाधारण ॲपमध्ये किल स्विच नसतो.

वस्तुस्थिती : व्हीपीएन तुटल्यावर इंटरनेट थांबवण्याची सोय अँड्रॉइडच्या सेटिंगमध्येच आहे. व्हीपीएनच्या नावापुढच्या गिअरवर टॅप करून ‘नेहमी चालू’ आणि ‘व्हीपीएनशिवाय कनेक्शन रोखा’ हे दोन्ही पर्याय सुरू करायचे. विंडोजवरच्या वायरगार्डमध्येही, सगळा ट्रॅफिक व्हीपीएनमधून जात असेल तर, तशी चौकट असते. स्वतंत्र ॲप घेतलं तर सोडावं लागतं ते वेगळंच : देशांची तयार यादी, आपोआप जवळचा सर्व्हर निवडणं, व्हीपीएनचा वापर लपवण्याच्या खास युक्त्या. हे लागत असेल तर कंपनीचं ॲप ठेवावं, पण फाइलही काढून ठेवावी.

गैरसमज ५ : मग ऑफिसचं ॲपही काढून टाकता येईल.

वस्तुस्थिती : तसं परस्पर करू नये. ओपनकनेक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर सिस्को, पालो आल्टो, फोर्टिनेट यांच्या व्हीपीएनला जोडू शकतं. पण लॅपटॉपवर अँटिव्हायरस आहे का, अपडेट झालेत का, हे बऱ्याच कंपन्या आपल्या ॲपमधूनच तपासतात. आयटी विभागाच्या परवानगीशिवाय दुसरं काही वापरणं नोकरीवर बेतू शकतं. ज्यांना स्वतःच्या ऑफिससाठी व्हीपीएन निवडायचं आहे, त्यांना मात्र पूर्ण मोकळीक आहे.

दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरण्याआधी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा : वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएनची फाइल देता का? आणि तुमच्या ॲपशिवाय सेवा चालते का? उत्तर ‘हो’ आलं तर आधी एक महिन्याचंच घ्या, फाइल उतरवा आणि स्वतंत्र ॲपमध्ये चालवून बघा. जोडणी झाली तर पुढचे पैसे बिनधास्त भरा. सेवा आवडेल तोवर तिथे राहा, नाही आवडली तर सोडणं तुमच्या हातात आहे.