कानशिलापर्यंत जाणारी लाथ

कराटे म्हटले की प्रतिस्पर्ध्याच्या कानशिलावर बसणारी लाथ आठवते. पण ओकिनावा बेटावरच्या जुन्या कराटेत ही लाथ जवळजवळ नव्हतीच. तिथल्या जुन्या काता, म्हणजे ठरावीक हालचालींचे सराव-संच, पाहिले तर लाथा गुडघ्यावर, जांघेत, फार तर पोटात मारलेल्या दिसतात. त्यात शहाणपणही होते, कारण पाय जितका वर, तितका तो पकडला जाण्याचा धोका जास्त. गिचिन फुनाकोशी यांनी 1922 मध्ये टोकियोत प्रात्यक्षिके दाखवली आणि ही विद्या जपानच्या मुख्य भूमीवर रुजू लागली. मावाशी-गेरी म्हणजे बाहेरून फिरवून मारलेली लाथ आणि योको-गेरी म्हणजे बाजूला मारलेली लाथ. या लाथा वर नेण्याचे श्रेय मुख्यतः फुनाकोशींचा मुलगा योशिताका याला दिले जाते.

आजच्या स्पर्धांत तर उंच लाथेलाच सर्वाधिक मोल आहे. ठोशाला 1 गुण, धडावरच्या लाथेला 2 आणि डोक्याकडे गेलेल्या, म्हणजे ‘जोदान’ लाथेला 3. अट एकच, मार आवरता आला पाहिजे. टोकियो ऑलिंपिकमध्ये 7 ऑगस्ट 2021 रोजी पुरुषांच्या 75 किलोंवरील गटाची अंतिम लढत झाली. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी 4-1 ने पुढे होता. त्याची उंच लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेला अशी बसली की तो बेशुद्ध पडला. पंचांनी हमेदीला बाद केले आणि स्ट्रेचरवरून बाहेर नेलेला गंजजादे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला.

इतक्या उंच पाय जातो कसा? ‘स्नायू ताणून ताणून लांब केले की जातो’ हे सर्वसाधारण उत्तर फारच अपुरे आहे.

आधी हाडांचे पाहू. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतो. सरळ उभे राहा, पायाची बोटे समोर ठेवा आणि पाय बाजूला उचला. साधारण 45 अंशांच्या आसपास तो अडतो. आता कंबर किंचित पुढे झुकवा किंवा मांडी बाहेरच्या बाजूला वळवा. तोच पाय आणखी वर जातो. एवढ्यात स्नायू काही लांबले नाहीत, हाडाला वाट मिळाली आणि सांध्याभोवतीचे बंध सैल पडले. मावाशी-गेरी मारताना जमिनीवरच्या पायाची टाच प्रतिस्पर्ध्याकडे वळवायला सेन्सेई, म्हणजे प्रशिक्षक, सांगतात, त्याचे एक मोठे कारण हेच. टाच वळली की कंबर वळते आणि कंबर वळली की खुबा मोकळा होतो. ज्यांची लाथ छातीपाशीच अडते, त्यांतल्या अनेकांचा दोष जांघेत नसून न वळलेल्या टाचेत असतो.

खरे नवल पुढेच आहे. एका मांडीतून दुसऱ्या मांडीत जाणारा एकही स्नायू माणसाच्या शरीरात नाही. कमरेइतक्या उंच टेबलावर एक पाय बाजूला आडवा ठेवता आला, मग दुसराही तसाच ठेवता आला, तर दोन्ही बाजूंचे अर्धे-अर्धे स्प्लिट (पाय पूर्ण फाकवून बसणे) तुमच्याकडे आधीच आहे. तरीही दोन्ही पाय एकदम फाकवायला गेलात की जांघ आवळते. हा अडथळा बराचसा मज्जासंस्थेचा आहे. स्नायूंच्या आत काही मिलिमीटर लांबीचे सूक्ष्म संवेदक असतात, त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. स्नायू अचानक ताणला गेला की ते मज्जारज्जूला खबर देतात आणि मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता स्नायू आखडतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडीने टिचकी मारतात तेव्हा पाय उडतो, तीच ही प्रतिक्षिप्त क्रिया. लिडेल आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी 1924 मध्ये तिचे वर्णन केले. शेरिंग्टन यांना पुढे 1932 चे नोबेल पारितोषिकही मिळाले.

म्हणून हिसके देत ताणणे म्हणजे पहारेकऱ्याला स्वतःच जागे करणे. वेपलर आणि मॅग्नुसन यांनी 2010 मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन मांडले की तीन ते आठ आठवड्यांच्या स्ट्रेचिंगनंतर वाढलेली लवचिकता मुख्यतः ताण सोसण्याची सवय वाढल्यामुळे दिसते. स्नायू होता तेवढाच असतो, फक्त तो आता लवकर ओरडत नाही.

या पहारेकऱ्याला शांत करायची एक जुनी युक्ती आहे. अमेरिकी डॉक्टर हर्मन काबाट यांनी 1940 च्या दशकात पोलिओ आणि पक्षाघाताच्या रुग्णांसाठी जी पद्धत उभी केली, तिच्यातून ती खेळाडूंपर्यंत आली. ताणलेल्या स्थितीतच स्नायू पाच-दहा सेकंद आवळायचा, सैल सोडायचा आणि मग थोडे पुढे जायचे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी सुप्त पादांगुष्ठासनात पायाला पट्टा लावायला शिकवले. मांडीमागच्या आखडलेल्या स्नायूंसाठी घरच्या घरी करण्याजोगे यापेक्षा सोयीचे आसन मला तरी माहीत नाही.

पण स्प्लिट येणाऱ्या प्रत्येकाची लाथ उंच जात नाही. जमिनीवर बसताना शरीराचे वजन पाय फाकवते. लाथेत मात्र पाय स्वतःच्या ताकदीने वर न्यावा लागतो आणि ते काम जांघेच्या पुढच्या व कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंचे. अमेरिकेचा बिल वॉलेस, टोपणनाव ‘सुपरफूट’, याचा उजवा गुडघा ज्युदोत निकामी झाला होता. तो एकट्या डाव्या पायाने लाथा मारत राहिला आणि 1980 मध्ये अपराजित विश्वविजेता म्हणून निवृत्त झाला. गुडघा उंच धरून पाय खाली न टेकवता लागोपाठ लाथा मारणे ही त्याची खासियत. भिंतीला हात टेकून गुडघा वर घ्या, पाय सावकाश सरळ करा, वरच दोन-तीन सेकंद थांबा. दहा वेगवान लाथांपेक्षा अशा तीन संथ लाथा जास्त शिकवतात, आणि जास्त दमवतातही.

क्रमही महत्त्वाचा. वर्गाच्या सुरुवातीला अंग गरम करून पाय पुढे, बाजूला, मागे झुलवावेत, उंची हळूहळू वाढवत. एकाच स्नायूला मिनिटाहून जास्त वेळ ताणून धरले तर त्याची ताकद काही काळ कमी होते, म्हणून दीर्घ स्ट्रेचिंग सरावानंतरच करावे. हाडांच्या ठेवणीतही फरक असतो. काहींची खुब्याची वाटी खोल असते आणि त्यांना काही कोन कधीच जमत नाहीत. मांडीमागे ओढ लागणे ठीक, पण जांघेच्या पुढच्या बाजूला खोलवर चिमटा बसल्यासारखे दुखले तर थांबावे आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.

काही वर्गांत आजही मुलांना पाय फाकवून बसवतात आणि मोठे विद्यार्थी त्यांच्या पाठीवर भार देतात. वाढत्या वयात स्नायू जिथे कमरेच्या हाडाला जोडलेले असतात ती जागा कच्ची असते आणि जोराच्या ओढीने तिथला हाडाचा तुकडाच सुटून येऊ शकतो. प्रशिक्षकांनी ही पद्धत बंद करावी, आणि पालकांनी ती दिसली तर गप्प बसू नये.