जुन्या मोटारीतील ऊन आणि आवाज
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या पत्र्याविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. माझे वडील मोटारींचे कुशनकाम करतात. सीट शिवणे, छताला अस्तर लावणे, तळाला मॅट बसवणे हे पाहतच मी लहानाचा मोठा झालो. पाहणाऱ्याला हे नुसते शिवणे-चिकटवणे वाटते. वस्तुतः त्यामागे शास्त्र आहे, आणि ते न जाणता केलेल्या कामाने चांगली गाडी आतून कुजते. म्हणून हा लेखप्रपंच.

उदाहरण आपल्या ओळखीचे घेऊ. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट ११०० पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने धावू लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतून ती कायमची गेली. आता हौशी मालक तिला जपतात. तिचे १०८९ सी.सी.चे इंजिन चालकाच्या पायांपुढे, मध्ये एक आडवा पत्रा. सायलेन्सरची नळी तळाखालून मागे जाते. डोक्यावर पुन्हा पत्राच. आवाज आणि उष्णता दोन्ही या पत्र्यांतूनच आत येतात. पण दोघांच्या वाटा निराळ्या, म्हणून उपायही निराळे.

प्रथम आवाज. जेवणाच्या ताटावर चमचा मारला तर ते घणघणते. बोट टेकवले की गप्प होते. इंजिनाच्या आणि रस्त्याच्या धक्क्यांनी मोटारीचा पत्रा असाच थरथरतो. त्यावर डांबरी किंवा ब्युटाइल रबराची शीट घट्ट चिकटवली की ती बोटाचे काम करते. थरथरीची शक्ती त्या थरात जिरते आणि तिची किंचित उष्णता होते. यासाठी सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते. मधला चौथा ते तिसरा हिस्सा झाकला तरी बहुतेक काम होते. पुढे फक्त वजन आणि खर्च वाढतो.

दुसरा आवाज हवेतून येतो. त्याला थोपवायला जड थर हवा. म्हणून पत्र्यावर आधी मऊ नमदा आणि त्यावर जाड रबरी मॅट अंथरतात. परंतु पेडलपाशी फट राहिली, वायर जाते त्या छिद्राचे रबर गेले किंवा दाराचे बीडिंग झिजले, तर ही मेहनत बरीचशी वाया जाते. आवाजाचे गणितही विचित्र आहे. दोन वाटांनी सारखाच आवाज येत असेल आणि त्यांतली एक पूर्ण बंद केली, तर एकूण आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. ‘एवढे पैसे घालून काही फरक नाही’ अशी तक्रार पुष्कळदा यातूनच निघते.

आता उष्णता. ती वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन मार्गांनी येते, हे आपण शाळेत शिकलो. तापलेल्या सायलेन्सरकडून तळाकडे येणारी बरीच उष्णता प्रारणाची असते. चकचकीत ॲल्युमिनियम ती परतवते. मात्र त्याच्यासमोर हवेची पोकळी हवी. दोन थरांत दाबून बसवलेला ॲल्युमिनियमचा कागद ती परतवू शकत नाही, कारण हा धातू स्वतः उष्णतेचा उत्तम वाहक आहे. छताला आतून बंद पेशींचा फोम लावावा. तिथे डांबरी शीट नको. उन्हाने ती मऊ पडते, वास येतो आणि कधी सुटून अस्तरावर लोंबते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाण्याची. मॅट घालायला आलेल्या माणसाला वडील आधी विचारतात, “पाणी कुठनं येतं?” काचेच्या जुन्या रबरातून पावसाचे पाणी झिरपते आणि नमदा ते ओल्या गोधडीसारखे धरून ठेवतो. वर मॅट कोरडी दिसते, खाली तळाला गंज लागतो. पद्मिनीला वेगळी चासी नाही. हा पत्राच तिचा सांगाडा आहे. तो गेला की गाडी गेली.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी गळती थांबवावी. मग तळ उघडा करून गंज खरवडावा, रेड ऑक्साइड आणि रंग लावून पूर्ण वाळू द्यावा. नंतर रबरे बदलून छिद्रे बुजवावीत. पण दारांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोके मोकळीच राहू द्यावीत. त्यानंतर शीट आणि शेवटी नमदा व मॅट. ही दोन्ही चिकटवू नयेत. पावसाळ्यानंतर एकदा ती उचलून खाली हात फिरवावा. हाताला ओल लागली नाही, तर काम नीट झाले असे समजावे.