संगणकाची टकटक

धाकटीच्या अभ्यासासाठी गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात संगणक आला. आठ दिवस बरा चालला, मग कुरकुरू लागला. रात्री दिवेलागण झाली की स्पीकरमधून सेकंदा-सेकंदाला ‘टक् टक्’ आवाज. अंगणातल्या बोअरची मोटार चालू केली की संगणक बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू. केलेला अभ्यास पुसला जायचा आणि पोर रडकुंडीला यायची. तालुक्याच्या दुकानदाराने दोनदा पेटी उघडून धूळ झाडून दिली. पैसे गेले, गुण काही आला नाही.

एके दिवशी कारभारीण म्हणाली, “अहो, पेटीला हात लागला की मुंग्या येतात.” तेव्हा मात्र मी दचकलो. पोर अनवाणी असते आणि आमची फरशी सारवल्यासारखी ओलसर.

शेजारचे तात्या वायरमन म्हणून निवृत्त झालेले. ते आले ते सेलवरचा जुना ट्रान्झिस्टर घेऊन! मीडियम वेव्हवर जिथे स्टेशन लागत नाही तिथे काटा ठेवून ते भिंतीतल्या वायरीच्या कडेने फिरू लागले. ट्रान्झिस्टर टकटक करू लागला. मीटरच्या बोर्डाजवळ आवाज वाढला, तिथून हिरव्या वायरीमागे गेलो तर अंगणातल्या अर्थिंगच्या सळईपाशी सर्वांत मोठा. तिथेच आमच्या मक्याच्या कुंपणाच्या झटका मशीनची वायर बांधलेली! रानडुकरांसाठी मशीन लावलं, तेव्हा सोय म्हणून मीच ती बांधली होती. मशीन बंद करताच टकटक थांबली.

“अरे, मशीन सेकंदाला एक ठोका देतं. तो ठोका जमिनीत मुरायला हवा. तुझ्या सळईचा सांधा गंजलाय, माती कोरडी. मग तो घरात शिरणार नाही तर काय करणार?” तात्या म्हणाले.

मुंग्यांचं मूळही तोच सांधा. विजेतली खरखर जमिनीत सोडावी म्हणून संगणकाच्या पेटीत छोटे कपॅसिटर असतात. त्यांची वाट तिसऱ्या, जाड पिनेतून अर्थिंगला जाते. ती तुटली की २३० व्होल्टपैकी जवळजवळ निम्मा दाब पेटीच्या पत्र्यावर येऊन बसतो. त्यातून प्रवाह अगदी थोडा वाहतो, म्हणून नुसत्या मुंग्या. पण आत फेजची वायर पत्र्याला टेकली असती, तर विजेला जमिनीकडे जायला पोरीच्या अंगातूनच वाट होती. तिसरी पिन कापून दोन पिनांवर यंत्र चालवणारे आपल्याकडे कमी नाहीत. न्यूट्रलची वायर अर्थिंगच्या पिनेला जोडणारेही भेटतात. तो तर सरळ जिवाशी खेळ.

आम्ही मोरीजवळ, ओल राहील अशा जागी अडीच मीटरचा जस्ती पाइप कोळसा-मिठाच्या थरात पुरला. झटका मशीनची सळई वेगळी केली, घराच्या अर्थिंगपासून निदान १० मीटर दूर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवला. जमिनीकडे वीज गळू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. ही कामं मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमननेच करायची. (घरची वीज थेट कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात माणसंही मेली आहेत.)

राहिला मोटारीचा घोळ. चालू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. मेन स्विचमधल्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन वायर काळी पडली होती, त्यामुळे तेवढ्या क्षणी घरातला दाब कोसळायचा. तात्यांनी वायर खरवडून स्क्रू आवळला आणि संगणकाला बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढून दिली. आता मोटार लागली तरी धाकटीचा अभ्यास चालू राहतो.

तीन फेजच्या घरांना मात्र तात्यांनी एक सांगितलं आहे. मोटार लावल्यावर काही दिवे मंद होऊन बाकीचे एकदम लख्ख झाले, तर न्यूट्रल सुटत आहे. तसाच मेन स्विच पाडा आणि वीज कंपनीच्या माणसाला बोलवा. तोवर संगणक काय, फ्रिजसुद्धा लावू नका.